स्पोर्ट बाईकवरून क्रूझरवर : एका 'आवडी'चा इतिहास

'इतकी वर्षं स्पोर्ट बाईक चालवली, आता पहिली क्रूझर कोणती घेऊ?' बाईकवाल्यांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास येतो. उत्तरंही ठरलेली असतात : मनगटं दुखतात, कंबर धरते, आता निवांत फिरायचंय. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र एक पायरी मागे जाऊन विचारायला हवं : हे दोन कप्पे वेगळे झाले कधी, आणि केले कोणी?

सुरुवात अमेरिकेत होते. तिथे हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये बाईक कापून, हँडल उंच करून हवा तो आकार देत होते. १९७१ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने 'सुपर ग्लाइड' आणली आणि हा आकार थेट कारखान्यातून मिळू लागला. मग जपानी कंपन्या उतरल्या. कावासाकीची १९७६ची 'केझेड ९०० एलटीडी' बघा : इंजिन नेहमीच्या केझेड ९००चंच, फक्त सीट पायरीची, हँडल मागे ओढलेलं.

आता गंमत बघा. १९८३ मध्ये रेगन सरकारने ७०० सीसीवरच्या आयात बाईकवरचं शुल्क ४.४ टक्क्यांवरून थेट ४९.४ टक्क्यांवर नेलं, आणि ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरेल असं ठरवलं. हेतू हार्लेला वाचवण्याचा. लगेच जपानी कंपन्यांनी अमेरिकेसाठी ७५०च्या गाड्या ७००च्या आत आणल्या. यामाहाची व्हिरागो ७५० तिथे व्हिरागो ७०० झाली. हा आकडा ग्राहकाच्या आवडीतून आला नाही, इंजिनिअरच्या डोक्यातूनही नाही. तो आला कस्टमच्या कायद्यातून.

याच काळात दुसरा कप्पाही पक्का होत होता. १९८४ची कावासाकी निन्जा ९०० आणि १९८५ची सुझुकी जीएसएक्स-आर ७५० यांनी रेसट्रॅकचं रूप रस्त्यावर आणलं. आणि १९८५ मध्येच कावासाकीने 'एलिमिनेटर ९००' काढली, निन्जाचंच इंजिन घेऊन!

हेच नाव पुढे आपल्याकडे दिसतं. २००१ मध्ये पुण्याच्या बजाजने कावासाकीसोबत १७५ सीसीची एलिमिनेटर आणली. २००५ मध्ये तिच्या जागी अव्हेंजर आली, आणि तिच्यात इंजिन होतं पल्सर १८०चं. म्हणजे पल्सरवरून अव्हेंजरवर जाणारा माणूस 'वेगळ्या जगात' जात होता, पण इंजिन ओळखीचंच होतं. बदललं होतं ते बसणं : सीट खाली, पाय पुढे, दोन चाकांतलं अंतर जास्त, पुढचा फोर्क जास्त कललेला. हा बदल लहान नाही बरं का. वळणावरचं वागणं आणि स्पीडब्रेकरवर पोट घासणं यावरच ठरतं.

यातून संशोधनासाठी तीन गोष्टी घ्या.

एक, आजचं लेबल मागे चिकटवू नका. रॉयल एनफिल्ड बुलेटला आज आपण सहज क्रूझर म्हणतो. १९५०च्या दशकात मद्रासला तिची जुळणी सुरू झाली, तेव्हा ती नुसती मोटारसायकल होती.

दोन, जाहिरात आणि तांत्रिक तक्ता शेजारी ठेवून वाचा. जाहिरात फरक सांगते, तक्ता साम्य दाखवतो. दोघांमधल्या फटीत तुमचा प्रश्न असतो.

तीन, 'लोकांना आवडलं म्हणून चाललं' हे उत्तर नाही, तिथून प्रश्न सुरू होतो. सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य लिहिलंत, तर गाइड पहिला लाल शेरा तिथेच मारणार. आवड खोटी नसते; दुखणारं मनगट खरंच दुखतं. पण त्या दुखण्यावर समोर कोणते पर्याय ठेवले गेले, हे शुल्क, कारखाना आणि हातातलं इंजिन यांनी ठरवलेलं असतं.

आणि कोणी खरोखरच पहिली क्रूझर शोधत असेल, तर त्यालाही हीच पद्धत लागू पडते. टाकीवरचं नाव नंतर वाचा. आधी सीटची उंची, वजन, ग्राउंड क्लिअरन्स आणि टॉर्क किती आरपीएमला मिळतो ते वाचा.