रोजावर, मापावर की उक्ते?



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तट, बुरूज आणि सिंहासने उभी राहतात. आज मी आपल्याला न्हाणीघरात नेणार आहे. त्याचे कारण सांगून टाकतो. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, त्या दिवशी माझ्या मेजावर एक बिल पडलेले होते. घरातले जुने न्हाणीघर नवे करण्याचे काम मी एका कंत्राटदाराला १,१०,००० रुपयांत उक्ते दिले होते. काम संपल्यावर हाती आलेला कागद १,६३,५०० रुपयांचा होता. मूळ रकमेखाली 'जादा काम' असा मथळा आणि त्याखाली चौदा कलमे. रागाच्या पहिल्या भरात त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात जी विशेषणे लावली, ती या व्यासपीठावरून सांगण्यासारखी नाहीत. दुसऱ्या दिवशी राग ओसरला आणि इतिहास वाचणाऱ्या माणसाची खोड जागी झाली. हे 'जादा काम' नावाचे प्रकरण आहे तरी किती जुने? आणि आपल्या पूर्वजांनी त्याचा बंदोबस्त कसा केला?

जुने तर ते फारच आहे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात घर बांधणाऱ्याची मजुरी घराच्या क्षेत्रफळावर ठरवून दिलेली आहे, म्हणजे आजच्या भाषेत चौरस फुटाचा भाव. त्याच कायद्यात असेही आहे की, बांधलेली भिंत झुकू लागली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या पैशाने पक्की करून द्यावी. घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड! या शेवटच्या कलमाची आठवण काही श्रोत्यांना मोठी सुखाची वाटेल. पण तिथे रमून चालणार नाही. आपले कौटिल्यमहाराज अधिक व्यवहारी होते. 'अर्थशास्त्रा'तील कंटकशोधन या अधिकरणाचा आरंभच कारागिरांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे या प्रकरणाने होतो. काम कुठे, केव्हा आणि कसले करायचे ते ठरलेले असावे. मुदत टळली तर वेतनाचा चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड घ्यावा. मात्र दैवी आपत्ती ओढवली असेल तर तो दंड नाही, अशी ती व्यवस्था आहे.

परंतु ठरलेल्या रकमेपेक्षा खर्च वाढला तर तो कोणी सोसायचा, या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मला सापडले ते एका रोमन वास्तुविशारदाच्या ग्रंथात. व्हिट्रूव्हियस हा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला माणूस. आपल्या दहाव्या आणि शेवटच्या खंडाच्या प्रस्तावनेत तो एफिसस नावाच्या ग्रीक नगरीचा एक प्राचीन कायदा सांगतो. सार्वजनिक काम अंगावर घेणाऱ्या वास्तुविशारदाने खर्च किती येईल तो आधी जाहीर करावा. ती रक्कम लिहून घेतली की काम पुरे होईपर्यंत त्याची मालमत्ता अधिकाऱ्यांकडे तारण राहील. खर्च बोलल्याप्रमाणे आला तर त्याचा सन्मान करावा. चौथाईपर्यंत वाढला तर वाढीव रक्कम सरकारी तिजोरीतून द्यावी. चौथाईच्या वर गेला तर वरचा भाग त्या वास्तुविशारदाच्या मालमत्तेतून वसूल करावा.

मी लगेच कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. माझ्या १,१०,००० ची चौथाई २७,५००. जादा खर्च ५३,५००. म्हणजे एफिससमध्ये राहत असतो तर माझे २६,००० वाचले असते!

गंमत बाजूला ठेवू. या कायद्यातले शहाणपण शिक्षेपेक्षा त्या चौथाईत आहे. जमिनीखाली किंवा भिंतीच्या पोटात काय आहे ते आधी कोणालाच पुरते कळत नाही, म्हणून थोडी चूक क्षम्य आहे, हे त्या ग्रीकांनी कबूल केले होते. व्हिट्रूव्हियस पुढे हळहळतो की, रोममध्ये असा कायदा नाही. असता तर खासगी घरे बांधणाऱ्यांचेही भले झाले असते. चारशेची ऐपत असलेल्या माणसाला आणखी शंभर घालावे लागले, तर घर पुरे होईल या आशेवर तो आनंदात राहतो. पण निम्म्याने किंवा त्याहून अधिक बोजा वाढला की आशा सुटते आणि माणूस पैशाने आणि मनाने मोडून अर्ध्यावर काम सोडतो, असे निरीक्षण त्याने नोंदवले आहे. ज्यांच्या घरात अर्धवट फरशी बसवलेले स्वयंपाकघर दोन-दोन महिने पडून राहिले आहे, त्यांना या दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला भेटावेसे वाटेल.

आता इंग्लंडात येऊ. तेथून पुढे ही वाट मुंबईत आणि आपल्या घरापर्यंत येणार आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडन पुन्हा उभे करणाऱ्यांमध्ये सर ख्रिस्तोफर रेन हे नाव मोठे. १६८१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका विद्यालयाच्या दरवाजावर मनोरा उभारायचा होता. त्या वेळी तिथले बिशप जॉन फेल यांना लिहिलेल्या पत्रात रेन सांगतो की, काम देण्याचे तीन प्रकार आहेत : रोजावर, मापावर आणि एकठोक. मौज अशी की, आपल्याकडचे गवंडी आणि मुकादम नेमके हेच तीन प्रकार सांगतात. रोजंदारी, मापावर आणि उक्ते.

रेनने प्रत्येकाचे गुणदोष दिले आहेत. रोजावर दिले की माणसे केव्हा आळस करतात ते कळते. मापावर दिले की प्रत्येक कलमावर उजेड पडतो आणि काय काय पुरवायला हवे ते समजते. उक्त्याबद्दल त्याचे निरीक्षण मात्र फार मार्मिक आहे. जे काम मक्तेदाराच्या रोजच्या सवयीचे नसते, त्यात तो पुष्कळदा स्वतःचेच नुकसान करून घेतो. आणि ते ध्यानात आले की स्वतःला वाचवण्यासाठी कामात टाळाटाळ आणि हयगय करू लागतो. रेनचा स्वतःचा कौल मापाच्या बाजूने होता.

आपण नेमके उलट समजतो. उक्ते दिले की डोक्याचा ताप गेला, आकडा पक्का झाला. वस्तुतः पक्का होतो तो फक्त आकडा. त्या आकड्यात काय काय बसते ते मोकळेच राहते. कंत्राटदार कमी भाव बोलतो, कारण शेजारचा त्याहून कमी बोललेला असतो. मग तूट भरून काढायला त्याच्यापाशी दोनच मार्ग उरतात. एक, भिंतीआड दडणारा माल हलका वापरायचा. दुसरा, जादा काम काढायचे. पहिला मार्ग घेणाऱ्यापेक्षा दुसरा घेणारा पुष्कळ बरा, हे मी बिल हातात धरूनही म्हणतो.

पण सारा दोष कंत्राटदाराचा नाही, आणि याची साक्ष द्यायला एक राजाच उपलब्ध आहे. लंडनचा बकिंगहॅम राजवाडा हे इतिहासातले जुन्या घराच्या नूतनीकरणाचे सर्वांत बदनाम प्रकरण असावे. मूळचे ते एक मोठे घर. चौथ्या जॉर्जला तिथे आधी सुटसुटीत निवासस्थान हवे होते. काम हाती घेतल्यावर १८२६ मध्ये त्याच्या मनात राजवाड्याने घर केले. वास्तुविशारद जॉन नॅश राजाच्या मर्जीतला. अंदाज सुमारे अडीच लाख पौंडांचा होता. १८२९ पर्यंत आकडा पाच लाखांच्या घरात गेला. बांधून झालेल्या बाजूच्या इमारती पसंत पडेनात म्हणून पाडून पुन्हा बांधल्या गेल्या. पार्लमेंटच्या समितीने नॅशला प्रश्न विचारले, आणि १८३० मध्ये राजा निवर्तल्यावर नॅशचे काम गेले. 'एवढे उघडलेच आहे तर तेही करून टाका' हे वाक्य राजाने कोणत्या शब्दांत उच्चारले असेल ते असो. आपल्या घरोघरी ते रोज उच्चारले जाते, आणि छुपा खर्च म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो त्याचा चांगला मोठा वाटा त्या एका वाक्यातून जन्मतो.

मुंबईत मात्र पुढे एक वेगळा अध्याय लिहिला गेला. सार्वजनिक बांधकाम खात्याची स्थापना डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४ साली झाली. या खात्याला नावे ठेवण्याची आपल्याकडे परंपरा आहे आणि ती निराधार नाही. पण त्याने जी शिस्त रुजवली तिचे मोल कमी नाही. प्रत्येक कलमाचे परिमाण, प्रत्येक परिमाणाचा भाव, मग मंजुरी, आणि काम झाकले जाण्याआधी मोजमाप-पुस्तकात नोंद. मुंबई उच्च न्यायालयाची इमारत कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्याप्रमाणे १८७१ ते १८७८ या काळात बांधली गेली. मंजूर अंदाज १६,४७,१९६ रुपये. प्रत्यक्ष खर्च १६,४४,५२८. म्हणजे एवढ्या प्रचंड कामात २,६६८ रुपये उरले! बोरीबंदरासमोरची महानगरपालिकेची इमारत १८९३ साली पुरी झाली. तिचे आराखडे स्टीव्हन्सचे, आणि काम करणारे कंत्राटदार व्यंकू बाळाजी काळेवार. तिचाही खर्च मंजूर रकमेच्या आत राहिला. त्या काळातली सगळीच सरकारी कामे अशी झाली असे मी म्हणत नाही. पण मनोरे आणि कमानी असलेल्या इमारतींना जे साधले, ते पाच फूट बाय सात फुटांच्या न्हाणीघराला का साधू नये, हा प्रश्न उरतोच.

याचे उत्तर पाण्यात आहे. आपल्या जुन्या घरांतली मोरी आठवा. पाणी घंगाळात, सांडपाणी उघड्या पन्हळीतून परसात. कुठे मुरते, कुठे तुंबते ते घरातल्या पोरालाही दिसे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले, आणि पुढे गावोगाव नळ झाले. पाणी आधी घरात आले, मग हळूहळू भिंतीत शिरले. खेळण्याच्या खोलीत किंवा माजघरात भिंत खरवडून रंग दिला की काम संपते. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात भिंतीच्या मागे दुसरे एक घर असते, नळांचे. ते उघडल्याखेरीज दिसत नाही आणि उघडले की मिटता येत नाही. जाता जाता सांगतो, जमिनीतल्या ज्या जाळीखालच्या भांड्याला आपले नळकारागीर आणि इंजिनियरही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, त्यात आपली न्हाणी जशीच्या तशी बसलेली आहे. मोरी गेली, पण शब्द गटारात टिकून राहिला.

तेव्हा मापावर काम द्यायचे म्हणजे या दोन खोल्यांत करायचे काय? भाव बोलण्याआधी एक-दोन फरशा उचलून, नळाजवळची थोडी भिंत फोडून आतला नळ कोणत्या अवस्थेत आहे तो पाहायचा. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्यायचे. मग कागदावर लिहायचे : जुनी फरशी काढणे, राडारोडा खाली नेणे आणि गाडीने हलवणे, गळती-प्रतिबंधक थर, त्यावरचा कोबा, नळाचे पॉइंट किती, फरशी किती चौरस फूट आणि तुटफूट कोणाच्या माथी, तोट्या आणि भांडी कोणी आणायची, वस्तू व सेवा कर भावात धरला आहे की वर आहे. यातले जे कलम कागदावर नाही ते बिलात सापडते. आणि फरशी बसण्याआधी पाणी भरून ठेवून खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येते का ते बघायचे. थोडी रक्कम काही महिने हातात ठेवायची पद्धत सरकारी कामांत आहे. ती घरच्या कामातही लाजेचे कारण नाही.

जादा कामाचा भाव मात्र ते करण्याआधीच लिहून घ्यावा, कारण इथे कायदा आपल्या गैरसमजाच्या आड येतो. 'मी कुठे सही केली होती?' असे आपण म्हणतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७० वे कलम सांगते की, एखाद्याने कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मोंडल आणि सन्स हा १९६२ च्या निवाडासंग्रहांतला प्रसिद्ध खटला याच कलमाचा. महायुद्धाच्या काळात आरामबाग येथे या पेढीने सरकारी खात्यासाठी कोठारे बांधली, शिवाय कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कचेरी आणि, ऐका, स्वयंपाकघर! करार विधिवत झालेला नाही म्हणून पैसे देणे लागत नाही, असे सरकार म्हणाले. इमारती स्वीकारून वापरल्या आहेत, तेव्हा मोबदला द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. जे काम नको आहे ते चालू असतानाच 'नको' म्हणावे लागते. गप्प राहून नंतर त्या न्हाणीत आंघोळ करणाऱ्याला सही नसल्याची सबब फारशी उपयोगी पडत नाही.

हे सगळे वाचून मी माझे बिल पुन्हा उघडले आणि चौदा कलमांची वाटणी केली. पाच कलमे भिंतीतली निघाली, सडलेला नळ वगैरे, त्यांचे २१,५००. तीन कलमे आमच्या कागदावर नव्हतीच, राडारोड्याची गाडी त्यांतलीच, त्यांचे ८,०००. उरलेल्या सहा कलमांचे २४,०००, आणि ती सहाही माझ्या तोंडची होती. गरम पाण्याचा दुसरा नळ, कपड्यांसाठी कोनाडा, फरशी छतापर्यंत... सगळे उभ्या उभ्या सांगितलेले, भाव न विचारता.

कंत्राटदाराला घरी बोलावले. राडारोड्याच्या गाडीवर आमचा वाद झाला, त्यात मी दीड हजार सोडवून घेतले आणि बाकीचे पैसे दिले. दिवाळीनंतर स्वयंपाकघर काढायचे आहे. काम त्यांनाच दिले आहे, पण या खेपेस मापावर. परवा ते छिन्नी-हातोडा घेऊन आले आणि ओट्याखालच्या दोन फरशा उचलून गेले. आत काय आहे ते आम्ही दोघांनीही वाकून पाहिले. नळ लोखंडी आहे. भाव अजून ठरायचा आहे.