बांधकामावर कामगाराचा अपघात झाला तर भरपाई कोण देणार? मुकादम, ठेकेदार की बिल्डर?

पुण्यातल्या येरवड्यात, शास्त्रीनगर भागात ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री एका बांधकामावर लोखंडी सळयांची अवजड जाळी कोसळली. तिच्याखाली सापडून बिहारमधून आलेल्या ५ कामगारांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेनंतर पोलीस गुन्हा दाखल करतात, सरकार मदत जाहीर करतं. पण नुकसानभरपाई या दोन्हींपेक्षा वेगळी असते. ती कुटुंबाचा कायदेशीर हक्क आहे.

जबाबदारी कोणाची?

साइटवर बिल्डर काम ठेकेदाराला देतो, ठेकेदार उपठेकेदाराला, आणि माणसं आणतो मुकादम. अपघात झाला की प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवतो.

येरवड्याची दुर्घटना घडली तेव्हा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ लागू होता. त्याच्या कलम १२ नुसार, व्यवसायाचाच भाग असलेलं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मुख्य मालकही भरपाईला जबाबदार असतो. म्हणजे कुटुंब थेट बिल्डरकडे दावा करू शकतं. बिल्डरने ती रक्कम नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. मात्र स्वतःचं घर बांधून घेणारा सामान्य घरमालक साधारणपणे यात येत नाही.

चूक कामगाराची असेल तर?

मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला, एवढं पुरेसं असतं. कामगार दारू प्यायला होता किंवा त्याने मुद्दाम हेल्मेट, पट्टा काढला होता, हा बचाव फक्त कमी गंभीर दुखापतींत चालतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर चालत नाही.

रक्कम किती?

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरलं जात होतं. वय ३० असेल तर गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० × २०७.९८ = १५,५९,८५० रुपये. कायमच्या पूर्ण अपंगत्वात ५० ऐवजी ६० टक्के धरतात. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं आणि दंडही होऊ शकतो.

साइटवरच ‘मिटवलं’ तर?

मृत्यूची भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन वारसांच्या हातात काही हजार टेकवले, म्हणून मालक मोकळा होत नाही. दाव्याची मुदत २ वर्षं आहे. कामगार ईएसआय योजनेत असेल, तर लाभ त्या योजनेतून मिळतात.

आता काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. मुख्य मालकाच्या जबाबदारीचं तत्त्व कायम आहे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसल्यास, आता भरपाईस पात्र ठरतो.

काय जपून ठेवावं?

परगावच्या कामगाराची खरी अडचण असते ‘हा आमच्याकडे कामालाच नव्हता’ हे उत्तर. म्हणून हजेरी कार्ड, मजुरीचे ऑनलाइन व्यवहार, साइटवरचे फोटो, मुकादमाचे मेसेज, एफआयआर आणि दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवावेत. वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराने राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीही करावी. मंडळाची मदत भरपाईहून वेगळी असते.