रुग्णाच्या हातचा कागद : राजुऱ्याच्या संदर्भात एक टिपण

वर्धा नदीच्या एका बाजूस बल्लारपूर व दुसऱ्या बाजूस राजुरा. 1947 पर्यंत बल्लारपूर इंग्रजी अमलाखालील चांदा जिल्ह्यात, तर राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. हा तालुका 1956 मध्ये नांदेडास व 1959 मध्ये चांद्यास जोडला गेला. अर्थात 1864 मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मनोरुग्णालय आणि 1912 चा इंडियन लुनसी अ‍ॅक्ट ही पूर्वी केवळ बल्लारपूरच्या तीरावरची व्यवस्था होती.

त्या कायद्यातील कागदांचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. अर्ज नातेवाइकाचा, दाखले डॉक्टरांचे, हुकूम मॅजिस्ट्रेटचा. दाखल्यात डॉक्टराने स्वतः पाहिलेल्या व इतरांनी सांगितलेल्या गोष्टी नमूद होत. रुग्णाच्या लेखणीस तेथे स्थान नव्हते. स्वेच्छेने राहिलेल्याने निघून जाण्याची लेखी सूचना देणे, हाच काय तो ठळक अपवाद.

भावनांची तीव्र आंदोलने, टाकले जाण्याची धास्ती आणि स्वतःस इजा करण्याची ओढ ही लक्षणे असलेल्या विकारास आज सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार म्हणतात. अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी 1938 मध्ये 'सीमावर्ती' हे विशेषण अशा रुग्णांस लावले. अमेरिकन वर्गीकरणात या विकारास स्थान मिळाले ते 1980 मध्ये. (या सीमेचा राजुऱ्याच्या सीमेशी संबंध नाही, हे सांगावयास नकोच.) तोवर, आणि नंतरही, आत्महत्येचा प्रयत्न हा दंड संहितेच्या 309 व्या कलमान्वये गुन्हाच होता. मनातील कोलाहल जबाब म्हणून इतरांच्या हातून लिहिला जाई.

मार्शा लिनेहान यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचाराने (पहिली चाचणी 1991, ग्रंथ 1993) या क्रमास छेद दिला. त्यात रुग्ण स्वतःची दैनंदिनी रोज भरतो व उपचारक तीवरून साप्ताहिक भेटीस आरंभ करतो. याची गल्लत जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 च्या प्रयोगाशी करू नये. तेथे विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आघातांविषयी लिहिले. लिहिताक्षणी त्यांचे मन अधिकच खिन्न झाले, लाभ दिसला तो पुढील महिन्यांत. स्वतःस इजा करणाऱ्या रुग्णास असे लेखन उपचारकाच्या आधारावाचून करावयास सांगणे धोक्याचे होय.

भारतात 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नावरील शिक्षेचा जाच बहुतांशी दूर केला. आपणांस कसे उपचार हवेत किंवा नकोत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्कही त्याने दिला. तथापि राजुऱ्याच्या परिसरात मराठीबरोबर गोंडी व तेलुगूही बोलली जाते. घरात गोंडी बोलणारी मुलगी शाळेत शिकते ती मराठी अक्षरे. तिने आपले दुःख कोणत्या भाषेत लिहावे? लिनेहान यांच्या दैनंदिनीत पुष्कळसा भाग शून्य ते पाच या अंकांचा आहे, आणि त्या दिवशी काय घडत गेले याची साखळी तोंडीच उलगडावयाची असते. तेव्हा आकडे तिने भरावेत आणि साखळी गोंडीत सांगावी, हे शक्य आहे. मात्र ती ऐकणाऱ्यास गोंडी यावयास हवी.