सीलिअ‍ॅक रोग : प्रमाण व निदान

सीलिअ‍ॅक रोग : गहू, जव यांतील ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा करणारा स्वयंप्रतिरक्षा विकार. हा रोग ‘उत्तरेचा’ मानला जाऊन महाराष्ट्रात दुर्लक्षित राहतो. पुरावा मात्र सावधगिरीच्या बाजूने आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, २३ हजारांहून अधिक भारतीय प्रौढांच्या पाहणीत या रोगाची प्रतिद्रव्ये उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. मात्र या रोगाला पूरक जनुके दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. मोठा फरक होता तो गव्हाच्या सेवनात. त्यामुळे ज्वारी-बाजरीच्या मुलखाला कायमचे अभय गृहीत धरता येत नाही. पुण्यात वडापावातला पाव, घरची पोळी आणि बिस्किटे असे गव्हाचे पदार्थ रोजचेच आहेत.

निदान अवघड ठरते, कारण जुलाबांऐवजी केवळ रक्तक्षय किंवा खुंटलेली उंची दिसू शकते आणि उपचार लोहाच्या गोळ्यांवरच थांबतो. ‘गहू सोडून बरे वाटले, मग तपासणी कशाला?’ हा आक्षेप टिकत नाही. ग्लुटेन टाळण्याच्या पथ्याने प्रतिद्रव्ये घटतात, अस्तर भरून येते आणि रक्तचाचणी व बायोप्सी फसवी ठरू शकते. शिवाय हे पथ्य जन्मभराचे असते, म्हणून निदान आधी पक्के हवे. सरसकट सर्वांची तपासणी खर्चिक ठरेल. पण औषधाला दाद न देणारा रक्तक्षय, खुंटलेली वाढ किंवा रुग्णाशी सख्खे नाते असल्यास गहू सोडण्यापूर्वीच चाचणी करणे आवश्यक आहे.