थायरॉईडचं ऑपरेशन झालं, गोळी चालू आहे, तरी थकवा जात नाही आणि वजन वाढतंय? काय तपासावं, काय करावं : सविस्तर माहिती

गळ्याची गाठ निघाली, टाके सुकले, रिपोर्ट चांगला आला. घरच्यांना वाटतं, चला, माणूस बरा झाला. पण ऑपरेशन झालेल्याचं दुखणं तिथेच संपत नाही. सकाळी अंथरुणातून उठवत नाही. दोन हंडे पाणी आणलं की खाली बसावंसं वाटतं. खुरपायला गेलं तर अर्धा वाफा होईपर्यंत हातातलं अवसान जातं. जेवण तेवढंच, तरी कपडे घट्ट होतात. वरून ऐकावं लागतं, "ऑपरेशनच्या नावाखाली आळशी झाली."

हा आळस नसतो. थायरॉईडची ग्रंथी काढल्यानंतर असा त्रास खरोखर होतो. बहुतेक वेळा त्याचं कारण सापडतं आणि त्यावर उपायही असतो. थायरॉईडचे आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बरेच जास्त दिसतात, म्हणून घराघरातल्या बायकांनी ही माहिती जरूर वाचावी.

थोडक्यात महत्त्वाचं

• थकवा राहिला तर सगळ्यात आधी गोळी कशी आणि कशाबरोबर घेतली जाते ते तपासा.
• डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा.
• टीएसएच बरोबर असूनही थकवा असेल तर रक्त कमी असणं, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, झोप यांकडे बघा.
• पूर्ण ग्रंथी काढली असेल तर गोळी जन्मभर. स्वतःच्या मनाने बंद करू नका, वाढवूही नका.

ग्रंथी काढल्यावर शरीरात नेमकं काय होतं?

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला चिकटून असलेली फुलपाखराच्या आकाराची छोटी ग्रंथी. ती टी-४ आणि टी-३ नावाचे हार्मोन तयार करते. शरीराची ऊब, हृदयाचे ठोके, पोट साफ होणं, स्नायूंची ताकद, डोक्याची तरतरी हे सगळं या हार्मोनवर चालतं. ते कमी पडलं की शरीर मंद होतं. थकवा येतो, थंडी जास्त वाजते, बद्धकोष्ठता होते, चेहरा सुजतो, केस गळतात, विसरायला होतं आणि वजन वाढतं.

ही गोष्ट डॉक्टरांना फार आधी कळली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचे सर्जन थिओडोर कोखर थायरॉईडच्या ऑपरेशनसाठी प्रसिद्ध होते. पूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे सुस्त आणि सुजलेले दिसतात, हे त्यांनी १८८३ मध्ये मांडलं. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. १८९१ मध्ये इंग्लंडमधले डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉईड बंद पडलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बाई सुधारली आणि उपचार चालू ठेवून पुढे २८ वर्षं जगली. आज त्या अर्काच्या जागी लेव्होथायरॉक्सिनची छोटी गोळी आहे. शरीर जे टी-४ बनवत होतं, तेच ही गोळी बाहेरून देते.

अर्धीच ग्रंथी काढली असेल तर उरलेला भाग काहींना पुरतो, काहींना नाही. त्यांनीही ठरलेल्या वेळी तपासणी करायला हवी.

पहिली तपासणी घरातच : गोळी कशी घेता?

ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. बाटलीवर २५, ५०, ७५, १०० असे आकडे असतात. पूर्ण ग्रंथी काढलेल्या मोठ्या माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास १०० मायक्रोग्रॅम. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर कमी डोसपासून सुरू करतात. एवढी कमी मात्रा असल्यामुळे पोटात थोडी जरी अडकली तरी फरक पडतो. गावाकडे चूक होते ती बहुधा इथेच.

चहाबरोबर गोळी : सकाळी उठल्या उठल्या चहा, आणि त्याच घोटाबरोबर गोळी. असं केल्याने गोळी नीट शोषली जात नाही. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर एक तास, चहा, कॉफी, दूध, नाश्ता काही नको.

सगळ्या गोळ्या एकत्र : ऑपरेशननंतर कॅल्शियमची गोळी असते. दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या मिळालेल्या असतात. बऱ्याच जणी या सगळ्या एका मुठीत घेऊन गिळतात. कॅल्शियम आणि लोह थायरॉईडच्या गोळीला पोटात धरून ठेवतात. म्हणून या दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉईडची गोळी पहाटे, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर आणि लोह संध्याकाळी, असं लावून घ्या. पित्ताची गोळी किंवा पातळ औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यानेही फरक पडतो.

पहाटे जमत नसेल तर : डेअरीला दूध घालायचं, डबे करायचे, अशा घाईत तासभर चहाविना राहणं अवघड जातं. अशांना गोळी रात्री घेता येते, पण शेवटच्या जेवणानंतर तीन तास झालेले हवेत. रात्रीचं कॅल्शियम किंवा लोह असेल तर त्याची वेळ बदलावी लागेल. हा बदल डॉक्टरांना विचारून करा आणि एकदा ठरली की तीच वेळ पाळा.

उपवास आणि रोजे : उपवासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. रमजानमध्ये सहरीच्या अर्धा-एक तास आधी किंवा रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा.

विसरली तर : त्याच दिवशी आठवेल तेव्हा, पोट रिकामं असताना घ्या. आठवड्याच्या सात खणांची डबी ठेवली तर घेतली की नाही ते लगेच कळतं.

कुठे ठेवता : ऊन, ओल आणि उष्णतेने गोळी खराब होते. चुलीजवळच्या फळीवर, पत्र्याखालच्या कोनाड्यात किंवा खिडकीत ती ठेवू नका. गोळी तिच्याच बंद बाटलीत ठेवा आणि तारीख बघा. दर वेळी वेगळ्या कंपनीची घेऊ नका. कंपनी बदलावीच लागली तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा.

ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांनी मुक्काम असेल तितक्या महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्यावी. कोप्यावर गेल्यावर गोळी संपली आणि कुणी आणली नाही, असं व्हायला नको.

रिपोर्ट कसा समजून घ्यायचा?

टीएसएच हा हार्मोन मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. त्याला मुकादम समजा. काम कमी झालं की मुकादम जास्त ओरडतो. तसंच शरीरात थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की टीएसएच वाढतो आणि हार्मोन जास्त झालं की टीएसएच खाली येतो. म्हणून "टीएसएच वाढला" याचा अर्थ गोळी कमी पडते किंवा नीट शोषली जात नाही.

बहुतेक लॅबमध्ये मोठ्या माणसाचा टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आसपास बरोबर धरतात. मात्र थायरॉईडच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन झालेल्या काही जणांचा टीएसएच डॉक्टर मुद्दाम खाली ठेवतात. त्यामुळे शेजारणीचा डोस आणि आपला डोस यांची बरोबरी करू नका.

गोळीचा परिणाम हळूहळू जमतो. डोस बदलल्यावर आठ दिवसांत तरतरी येत नाही. रक्तातली पातळी स्थिर व्हायला ६ आठवडे तरी लागतात, म्हणूनच तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी करतात. डोस जमल्यावर वर्षातून एक-दोन वेळा पुरते. तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तसं सांगा, कारण त्याने रिपोर्ट चुकू शकतो. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा.

दिवस राहिले तर : थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईने गर्भ राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडे जावं. या काळात डोस बहुधा वाढवावा लागतो. बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी हे हार्मोन गरजेचं असतं. गरोदरपणात गोळी बंद करणं धोक्याचं आहे.

टीएसएच बरोबर आहे, तरी थकवा?

मग प्रत्येक थकवा थायरॉईडच्या खात्यावर टाकू नका. पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

• रक्त कमी असणं : बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. थायरॉईड कमी असताना पाळीत अंगावरून जास्त जातं, त्यानेही रक्त घटतं.
• बी-१२ आणि ड जीवनसत्त्व : शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता बरीच दिसते.
• कॅल्शियम : थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला तर ओठाभोवती, बोटांना मुंग्या येतात, गोळे येतात, गळून जायला होतं.
• साखर, पाळी जाण्याचं वय, रात्री जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं.
• मन : महिनोन्‌महिने उदास वाटणं, कशात रस नसणं. हा आजार आहे, त्यावर इलाज आहे.

हे सगळं ठीक असूनही साधारण १०० पैकी ५ ते १० रुग्णांना थोडा थकवा राहतो. त्यांना "तुमच्या मनाचे खेळ" म्हणून परत पाठवणं बरोबर नाही. अशा वेळी हार्मोनच्या डॉक्टरांचा, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टचा सल्ला घ्या. टी-३ ची जोड देऊन बघायची की नाही, हा निर्णय त्यांचाच.

वजनाचं काय?

थायरॉईड कमी पडल्यामुळे वाढणारं वजन साधारण २ ते ५ किलो असतं, आणि त्यात मीठ-पाण्याची सूज बरीच असते. डोस जमला की त्यातलं काही उतरतं. ऑपरेशनआधी थायरॉईड जास्त होतं आणि त्यामुळे वजन घटलं होतं, अशांचं वजन नंतर परत भरतं. ते मुळात गेलेलंच वजन असतं.

वाढ १०-१५ किलोंची असेल तर खाणं आणि हालचालही बघावी लागते. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम साखर, जवळपास २०० कॅलरी. साखर अर्धी केली तरी फरक पडतो. भाकरी सोडायची गरज नाही. ताटात उसळ, पिठलं, डाळ, ताक, अंडं आणि पालेभाजी वाढवा, तेलाची धार कमी करा. उपवासाचा साबुदाणा आणि दाण्याचं कूट हलकं खाणं नाही, हे लक्षात ठेवा.

चालायला दिवसाला १० मिनिटांपासून सुरुवात करा आणि आठवड्याला थोडं वाढवा. एक दिवस जोर करून चार दिवस झोपून काढण्यापेक्षा रोजचं थोडं बरं. जड काम सकाळच्या ताकदीच्या वेळेत करा आणि मध्ये विसावा घ्या.

वजन उतरावं म्हणून गोळी जास्त घेऊ नका. त्याने छातीत धडधड होते, हाडं ठिसूळ होतात आणि वयस्कर माणसाच्या हृदयाची लय बिघडू शकते. वजन घटवणाऱ्या बिननावाच्या पावडरींपासूनही लांब राहा.

हे समज खरे नाहीत

"गोळीची सवय लागते." ग्रंथीच नाही, तर हार्मोन बाहेरून द्यावंच लागतं. याला सवय म्हणत नाहीत.

"कोबी-फ्लॉवर बंद करा." पूर्ण ग्रंथी काढली असेल तर कोबीने बिघडायला काही उरलेलंच नाही. भाजी शिजवून खुशाल खा.

"काढ्याने थायरॉईड परत येतं." काढलेली ग्रंथी काढ्याने परत उगवत नाही. काढा सुरू करून गोळी बंद केली तर काही आठवड्यांत त्रास वाढतो आणि पुढे जीवावर बेतू शकतं.

लगेच दवाखान्यात कधी जावं?

हाता-पायाला गोळे येऊन बोटं वाकडी होणं, झटके येणं, अंग गार पडून खूप झोप येणं, बोलण्यात गोंधळ, श्वास लागणं किंवा छातीत सतत धडधड झाली तर उद्यावर टाकू नका.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

ऑपरेशनचं कार्ड, गाठीचा रिपोर्ट, मागचे सगळे टीएसएच रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत न्या. पूर्ण ग्रंथी काढली की अर्धी, टीएसएच किती ठेवायचा, पुढची तपासणी कधी, हे तीन प्रश्न विचारून कागदावर लिहून घ्या. लेव्होथायरॉक्सिन जीवनावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. जनऔषधी दुकानात चौकशी करा. शहराला जाणं जमत नसेल तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलता येतं. आशाताई किंवा आरोग्य केंद्रात त्याबद्दल विचारा.

घरच्यांनीही एक गोष्ट करावी. सकाळची पहिली अर्धा-एक तासाची वेळ तिला गोळीसाठी मोकळी द्या, चहा कुणीतरी दुसऱ्याने ठेवावा. डोस जमेपर्यंत दोन-चार महिने लागतात. तेवढे दिवस कामाचा भार वाटून घेतला तर औषधालाही गुण येतो.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. डोस ठरवणं आणि बदलणं आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)