लोखंड्यांची दुसरी मागणी

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १० जून १८९० पासून मिळाली. पण त्याआधी, सप्टेंबर १८८४ मध्ये, परळला कामगारांच्या सभा भरल्या. तिथे ठरलेल्या मागण्यांवर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यांत सुट्टीच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी. सुट्टीला सहा वर्षे लागली. या मागणीला कायद्याचे रूप यायला एकोणचाळीस.

तोवर काय होते? १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता. त्याने भरपाई दिली ती अपघातात मेलेल्याच्या वारसांना. हात गमावून जिवंत राहिलेल्याने दिवाणी दावा लावायचा आणि चूक मालकाचीच होती हे सिद्ध करायचे. पट्ट्यात हात सापडलेला कामगार वकील कुठून आणणार? १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडे घालायला सांगितले खरे, पण तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांनाच लागू होता.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याने मोठी गोष्ट केली. मालकाची चूक सिद्ध करण्याची अट काढून टाकली. अपघात कामामुळे आणि कामावर झाला, एवढे पुरे. त्याला एक परिशिष्ट जोडले होते, शरीराच्या अवयवांचा तक्ता. अंगठा गेला तर कमाईची शक्ती २५ टक्के घटली, तर्जनी गेली तर १० टक्के, बाकीचे कोणतेही बोट ५ टक्के. उजवा हात कोपरापासून गेला तर ७०, डावा ६०. डावखुऱ्या माणसाचा विचार साहेबाने केलेला दिसत नाही! पुढे तक्ता सुधारला. आता अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७, चारही बोटे ५० आणि पंजा ६० टक्के. डाव्या-उजव्याचा भेदही गेला.

हा तक्ता आमच्या भागात कसा वाचला जातो ते सांगतो. कामगारांचे अर्ज लिहून देण्याचे काम मी शिरूर आणि दौंड तालुक्यांत बरीच वर्षे केले. दौंड हे जुने रेल्वेचे गाव, मनमाडकडची लाइन १८७८ मधली. डबे जोडताना हात चिरडण्याची भीती तिथल्या लोकांना कारखाने येण्याच्या आधीपासून ठाऊक. मग गुऱ्हाळे आली. रात्रपाळीत चरकात ऊस घालणाऱ्याचा डोळा लागला की हात उसाबरोबर आत जातो. पुढे कुरकुंभला रसायनांचे कारखाने आले, आणि शिरूरकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात पत्रा दाबणारे प्रेस. प्रेसचा घाव चरकासारखा नसतो. तो बोटे मोजून घेतो.

२०२० मध्ये हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५ हजार रुपये झाली. त्याचे ६० टक्के म्हणजे नऊ हजार. वय पंचवीस असेल तर त्याला २१६.९१ ने गुणायचे, येतात १९ लाख ५२ हजार १९० रुपये. अंगठ्याचे ३० टक्के म्हणजे ५ लाख ८५ हजार ६५७. अर्ज लिहिताना मी हा आकडा सांगितला की समोरचा पोरगा आधी हरखायचा, आणि मग हळूच विचारायचा, "पण काका, कंपनी परत कामावर घेईल ना?" त्याचे उत्तर तक्त्यात नाही.

तक्ता हा शेवटचा शब्द नाही, हे १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ओरिसातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे शंभर टक्के होत नव्हते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा त्याच्यापुरते नुकसान पूर्णच, असा निर्णय झाला. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्यात ठरले. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत शहाणा निकाल आहे.

कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, नाव असेल तर वाट वेगळी. तिथे एकरकमी पैसे मालकाकडे मागता येत नाहीत. वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या प्रमाणात दरमहा आयुष्यभर रक्कम मिळते. कामावर पहिलाच दिवस असला तरी अपघाताचा हक्क असतो. ठेकेदाराच्या माणसांची गोष्ट अवघड. १९२३ च्या कायद्याने मूळ मालकालाही जबाबदार धरले होते आणि हक्क सोडल्याचा लिहून घेतलेला कागद रद्दबातल ठरवला होता. तरी असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांतल्या काहींवर उरलेल्या हाताचा अंगठा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा आणि ईएसआयचा कायदा, दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. बोटांचा तक्ताही बरोबर गेला.

भांडण बहुतेक वेळा टक्क्यांवरून होतच नाही. होते ते अपघात कुठे झाला यावरून. जखमीला दवाखान्यात आणणारा माणूस कंपनीचा असतो आणि केस पेपरवर जखमेचे कारण तोच सांगतो. 'घरी कडबाकुट्टीत हात गेला' असे लिहिलेले पेपर मी पाहिले आहेत, ज्याच्या घरी जनावर नाही अशा माणसाचेही. तेव्हा नातेवाइकांनी पोहोचल्यावर आधी तो रकाना वाचावा, चूक असेल तर डॉक्टरांना तिथेच सांगावे आणि पेपरची एक झेरॉक्स घरी ठेवावी.