पाणजे, भरतीची वेळ

डिसेंबर 1975. तुम्ही उरणच्या पाणजे गावाबाहेर, खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेल्या खारबांधावर उभे आहात. दूरवर द्रोणागिरीचा डोंगर. भात कापून झालंय. बांधाच्या मातीत चिंबोऱ्यांची भोकं आहेत, जपून पाऊल टाका.

भरती चढतेय. बाहेरचा चिखल बघता बघता बुडाला आणि पाण्याच्या दाबानं उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झापं मिटली. बांधाच्या आत मात्र पाणी उथळच. म्हणून तर सगळे पक्षी आत येताहेत: बगळे, तुतारी आणि तो मीटरभर उंच चित्रबलाक. नारिंगी, पिसांविना डोकं. टोकाशी खाली वाकलेली पिवळी चोच. शेपटीकडे गुलाबी पिसं.

हलू नका. युगांडाच्या दलदलीतला शूबिल पक्षी तासन्‌तास पुतळ्यासारखा उभा राहून नजरेनं सावज हेरतो. इथल्या गढूळ पाण्यात डोळे काय कामाचे? चित्रबलाक अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून डावी-उजवीकडे फिरवतो आणि पायानं चिखल ढवळतो. मासा चोचीला लागला रे लागला, की ती खटकन मिटते. पाणी खोल झालं, तर ही युक्ती संपली.

आता जानेवारी 1984. हवेत मिठाचा नाही, संतापाचा वास आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी पनवेल, उरण आणि ठाण्याकडच्या 95 गावांची जमीन घ्यायची ठरलीय. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई, नवघरला शेतकरी रस्त्यावर आलेत. गोळीबारात पाच हुतात्मे होतात. जमीन हातची गेल्यावर बांध कुणी लिंपायचा, उघाडी कुणी बघायची?

26 मे 1989. उत्तरेला न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालंय. भराव पडत जाईल, तशी पक्ष्यांना भरतीच्या वेळी टेकायची जागा आक्रसत जाईल.

आज त्याच जागी या. नकाशावर हा सिडकोचा द्रोणागिरी नोड, पाणथळीभोवती सेक्टरांचे आकडे. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा अडवल्याच्या तक्रारी पक्षिमित्र आणि मच्छीमार वारंवार करतात. वाट बंद झाली तर तळं सुकतं. भराव पडला तर तळंच उरत नाही. खाडी तुडुंब भरलेली असताना उथळ पाणी, एवढीच चित्रबलाकाची गरज. शेतकऱ्यांनी ती भाताची राखण करताना आपसूक भागवली होती. आता ती ठरवून भागवावी लागेल.